डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक होती. विषय होता २ ऑक्टोबरचा. त्या दिवशी ग्रामसभेनंतर गावातल्या सगळ्या पुरुषांना शाळेच्या पटांगणात उभं करायचं आणि दारू जन्मभरासाठी सोडल्याची शपथ द्यायची, असा विषय एका गटाने आणला. हात वर झाले, टाळ्या वाजल्या, मी ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक मावशी म्हणाली, "लिही बाय, पण किती दिवसांची लिहितेस? आमच्या म्हाताऱ्यानं आतापर्यंत सात वेळा जन्माची सोडलीय."

सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण माझा पेन तिथेच थांबला, कारण मावशी बोलली ते आमच्याही घरात घडलेलं होतं. ते पुढे सांगते.

मी बी.ए. केलं ते इतिहास विषय घेऊन. गटाचं काम करताना त्या इतिहासाचा उपयोग काय, असं मला बरेचदा वाटतं. या वेळी मात्र झाला. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी दारू सोडण्याची एक लाट उठली होती, हे मी कॉलेजात वाचलं होतं. डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकाराने गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून तिच्यावर पुस्तक लिहिलं आहे. तीच गोष्ट आज सांगायची आहे. ती लाट उठली कशी आणि त्या शपथांचं पुढे काय झालं, हे आपल्याला माहीत असलेलं बरं. शपथ द्यायला आपण आज निघालोय, पण आपण काही पहिल्या नाही.

आधी त्या काळी दारू म्हणजे काय होतं ते समजून घेऊ. आपल्या भागात मोहाचं झाड आहे आणि ताडाचं झाड आहे. मोहाच्या फुलांची दारू घरी गाळायची, ताडाची ताडी झाडावरून उतरवायची. मूल जन्मलं, लग्न जमलं, माणूस गेला, पेरणी झाली, कापणी झाली, की आधी देवाला, पूर्वजांना थोडी जमिनीवर सांडायची आणि मग सगळ्यांनी घ्यायची. बायकापण घ्यायच्या. दारू हा तेव्हा व्यसनाचा विषय नव्हता, रीतीचा होता. पाहुण्याला आज आपण चहा विचारतो, तसं.

मग इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा आणला. घरी दारू गाळणं गुन्हा झाला. ताडाच्या झाडावर कर बसला. दारू बनवायची ती मोठ्या भट्टीत आणि विकायची ती ठेकेदाराने. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. म्हणजे आपल्याच रानातली फुलं गोळा करून घरात ठेवली, तरी शिपाई दारात. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, हे लक्षात घ्या.

रीत तीच राहिली, पण दारू दुकानातून आणावी लागू लागली. लग्नाला दारू पाहिजे, मयताला पाहिजे, मग पैसे कुठून आणायचे? दुकानदार उधार द्यायचा. वहीत आकडा वाढायचा. दक्षिण गुजरात आणि ठाण्याच्या पट्ट्यात हे ठेके बहुतेक पारशी मंडळींकडे होते आणि त्यांच्यातले कित्येक सावकारही होते, जमीनदारही. कर्ज फिटलं नाही की जमीन जायची आणि त्याच जमिनीवर आपला माणूस मजूर म्हणून राबायचा. (यात एका समाजाला बोल लावायचा माझा हेतू नाही. ठेका देणारं सरकार होतं आणि मोठा वाटा सरकारच्याच तिजोरीत जात होता. आजही दारूचा महसूल कुठे जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे.)

अशा वेळी १९२२ साल उजाडलं. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या गावांत देवीची साथ आली. देवी म्हणजे अंगावर फोड येणारा तो रोग. आपल्या आज्यांच्या दंडावर लस टोचल्याचे गोल वण असायचे ना, तोच. लहान मुलं दगावू लागली. लोकांची समजूत अशी, की देवी कोपली आहे, तिला विचारलं पाहिजे. मग बायकांना एकत्र बसवलं. ज्यांच्या अंगात देवी येते त्यांना विचारलं, की बाई, तुला काय पाहिजे? त्या बायकांच्या तोंडून उत्तर आलं: दारू सोडा, ताडी सोडा, मटण सोडा, मासळी सोडा.

मैत्रिणींनो, मला इथे थोडं थांबायचंय. ही सुरुवात कुठल्या पुढाऱ्याने केली नाही, कुठल्या संस्थेने केली नाही. पत्रक नाही, सभा नाही. मुलांच्या आजारपणाने घाबरलेल्या कोळणींच्या तोंडून ती आली. एरवी ज्या बाईने नवऱ्याला "आज पिऊ नका" म्हटलं तर मार खाल्ला असता, तिच्या तोंडून देवी बोलली तेव्हा अख्खं गाव हात जोडून ऐकत होतं. तिच्या अंगात खरंच देवी आली का, या वादात मी पडत नाही. तिला बोलायला तेवढीच एक जागा मोकळी होती, असं मला वाटतं.

आणि मच्छीमारांनी मासळी सोडायची? हे वाचताना मला हसू आलं होतं. किती दिवस जमणार! पण भीती मोठी होती, लोकांनी मान्य केलं.

पूर्वी गावात रोगराई आली, की तिची पूजा करून तिला शिवेपलीकडे पोचवायची रीत होती. पुढच्या गावाने तिला घ्यायचं, पूजा करायची आणि पुढे धाडायचं. तशी ही देवी गावातून गावात निघाली. किनाऱ्याने डहाणू, उंबरगावकडे, मग आत धरमपूरच्या बाजूला, वर सुरगाण्याच्या आणि डांगच्या डोंगरात, खानदेशाच्या कडेला. वारली, कोकणा, धोडिया, चौधरी, गामीत असे सगळे आदिवासी समाज तिच्या वाटेवर आले. जाता जाता तिचं रूप बदललं. रोगाची भीती मागे पडली आणि उपदेश पुढे आला. तिला नाव पडलं सालाबाई. सल्ला देणारी बाई म्हणून सालाबाई, असं सांगतात.

९ नोव्हेंबर १९२२ ला सुरत जिल्ह्यात खानपूर गावाजवळच्या शेतात सहा गावांचे मिळून सुमारे २ हजार लोक जमले होते. पानांचा मांडव घातलेला. त्यात अंगात येणारी माणसं हातात लाल फडकं धरून बसलेली. मान घुमायला लागली, की फडक्यावर लिहिलेलं वाचावं तसं ती देवीचे हुकूम सांगू लागली. दारू-ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. साधं आणि स्वच्छ राहा. पुरुषांनी दिवसातून दोनदा अंघोळ करा, बायांनी तीनदा. पारशांशी संबंध ठेवू नका. मग सगळ्यांचं एकत्र जेवण झालं आणि माणसं आपापल्या गावी जाऊन तसा मांडव घालू लागली.

(बायांनी तीनदा आणि पुरुषांनी दोनदा! देवीच्या राज्यातही पाणी भरायचं काम बाईलाच.)

थोड्याच दिवसांत दारूची दुकानं ओस पडली. ठेकेदार हवालदिल झाले. ज्यांच्या शेतात लोक वेठीसारखे राबत होते, त्यांच्याकडे लोक कामाला जाईनात. पुढे तिकडच्या काँग्रेस कार्यकर्त्यांचं लक्ष गेलं आणि देवीच्या हुकमांत गांधीबाबाचं नाव आणि खादीही आली.

हे इतक्या झपाट्याने कसं झालं, याचा मी बराच विचार केला. आपण घरोघर जाऊन दहा वेळा समजावतो, तरी एक माणूस पेला खाली ठेवत नाही. तिथे गावंच्या गावं कशी सोडती झाली? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की दारू देवाला द्यावी लागायची, म्हणून ती सोडणं म्हणजे देवाचा अपराध. आता देवीनेच सांगितलं, की मला नको. म्हणजे सोडणाऱ्यावरचा तो बोजाच उतरला. दुसरी, आणि ही जास्त मोठी, की कुणा एकट्याला नाही म्हणावं लागलं नाही. आपल्याकडे लग्नात एखादा नाही म्हणाला, की चार जण त्याच्या मागे लागतात. "आमच्यापेक्षा मोठा झालास काय?" म्हणतात. एकट्याने सोडली, की तो एकटा पडतो. गावाने एका दिवशी सोडली, तेव्हा पाजणाराच कुणी उरला नाही.

आता पुढचं, जे मला मावशीच्या प्रश्नासाठी पाहिजे होतं. टिकली का ती शपथ?

बहुतेक ठिकाणी नाही. कुठे काही महिने, कुठे वर्ष-दोन वर्षं. किनाऱ्यावर साथ ओसरली तशी भीती ओसरली, आणि पहिली जाळ्यात परत आली ती मासळी. जिथे देवीच्या कोपाला भिऊन सोडली होती, तिथे एखाद्याने चोरून घेतली, त्याला काही झालं नाही, हे दुसऱ्याने पाहिलं, आणि संपलं. दुकान तर कुठे गेलंच नव्हतं. ते तिथेच होतं, उघडं. उधारीची वहीपण तिथेच होती. अडीअडचणीला पैसे लागले की पाय तिकडेच.

पण काही ठिकाणी टिकली. सुरतेकडच्या चौधरी समाजातल्या बऱ्याच घरांनी ती धरून ठेवली. तिथे काय वेगळं होतं? तिथे लोक पुन्हा पुन्हा जमत राहिले. परिषदा भरत राहिल्या. वेडछी गावच्या परिषदेला जानेवारी १९२५ मध्ये स्वतः गांधीजी आले होते. तिथे पुढे आश्रम झाला, चरखे आले, शाळा आल्या. म्हणजे दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी जायला काहीतरी ठिकाण झालं. आपण गटात म्हणतो ना, नुसती बचत जमा करून गट चालत नाही, बैठक लागते. तसंच.

त्याच ठिकाणची दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे. समाजाचे दोन तट पडले. सोडलेले ते 'वरजेला' आणि पुन्हा घेणारे ते 'सरजेला'. एकाच भावकीत दोन भाग. ज्याचा पाय घसरला तो पलीकडे गेला आणि त्याला परत यायची वाट अवघड झाली. शपथ मोडणाऱ्याला बाहेर काढलं, की शपथ पाळणारे कमी आणि बाहेरचे जास्त होतात, हा साधा हिशोब आहे. मला ही गोष्ट त्या चळवळीतली सगळ्यात वाईट वाटली.

आता आमच्या घरातलं सांगते.

मी चौथीत होते. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. तिथे बाबांनी देवळासमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता पुन्हा प्यायलो तर हिला..." वाक्य पुरं केलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. मी पेढा खाल्ला.

लावणीपर्यंत बाबांनी शब्द पाळला. लावणीत दिवसभर पाण्यात वाकून उभं राहायचं, संध्याकाळी मजुरीबरोबर बाटली. सगळे घेत होते. बाबांनी घेतली.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर मला हिवताप झाला. थंडी वाजून ताप यायचा, गोधडीवर गोधडी घालायची. आई बाबांना एक शब्द बोलली नाही, नुसती बघायची. आणि मी गोधडीत पडून एकच विचार करायची, की बाबा प्याले म्हणून मी आता मरणार. नऊ वर्षांच्या पोरीने हा विचार करायचा, मैत्रिणींनो. गोळ्यांनी ताप उतरला, मी शाळेत जायला लागले. पण बाबा त्यानंतर जास्त प्यायला लागले. खूप वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, की तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून घ्यायचो.

१९२२ सालची गोष्ट वाचताना मला हेच आठवत होतं. लेकराच्या जिवाची भीती घालून घेतलेली शपथ. तेव्हा आजारी पोर आधी आणि शपथ नंतर, आमच्याकडे शपथ आधी आणि आजारी पोर नंतर. भीतीचं काम मात्र दोन्हीकडे एकच. ती माणसाला चार दिवस आवरून धरते आणि सुटली की दुप्पट पाडते. त्या कोळणींना दोष देण्याचा मला अधिकार नाही, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे.

बाबांनी नंतर आणखी कितीतरी वेळा शपथ घेतली. मी कॉलेजात असताना एकदा मनाशी पक्कं करून त्यांनी एका दिवसात पूर्ण बंद केली. आम्हाला वाटलं, या वेळी झालं. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसतात म्हणाले, मेलेल्या काकांशी बोलायला लागले. आत्या म्हणाली, भगताला बोलवा. शेजारची आशाताई आली नसती तर भगतच आला असता. तिने गाडी करायला लावली आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, की रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर असं होऊ शकतं, फिट येते, जीवसुद्धा जाऊ शकतो. औषधं देऊन, लक्ष ठेवून ती सोडवावी लागते.

म्हणून हे नीट ऐका. घरात कुणी रोज सकाळपासून पिणारा असेल, सकाळी हात कापतात म्हणून घेणारा असेल, तर त्याला शपथ देऊन घरात कोंडू नका. आधी दवाखाना. हात कापणं, झोप उडणं, भास होणं हे अंगात येणं नाही आणि ढोंगपण नाही. पहिले दोन-चार दिवस जास्त जपायचे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून. आता बऱ्याच जिल्ह्यांत अशी केंद्रं झाली आहेत. आपण म्हणतो, "याच्यात दमच नाही, चार दिवसांत पुन्हा गेला दुकानात." कितीदा तरी तो दमाचा प्रश्न नसतो, अंगाचा असतो.

पुन्हा जरा इतिहासाकडे जाऊ, कारण जन्माची शपथ आपल्या महाराष्ट्रात टिकलेलीपण आहे.

माळकरी माणूस घ्या. घाटावरच्या मैत्रिणी हे ऐकत असतील तर त्यांना सांगायला नको. तुळशीची माळ गळ्यात घालायची म्हणजे दारू आणि मांस सोडायचं, जन्मभरासाठी. ती माळ दिसते, हे तिचं बळ. लग्नात त्याच्यापुढे पेला येतच नाही. "तो माळकरी आहे, आग्रह करू नको," असं दुसराच कुणीतरी म्हणतो. आणि एकादशी, भजन, वारी, असं त्याला वर्षभर कुणी ना कुणी बोलावत असतं.

तळोद्याजवळच्या मोरवडचे गुला महाराज घ्या. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले. १९३७-३८ साली त्यांच्या शब्दावर भिल्ल समाजातल्या असंख्य लोकांनी दारू सोडली. एकमेकांना 'आप' म्हणायचं, म्हणजे मान द्यायचा, आणि आरतीला पुन्हा पुन्हा जमायचं. ज्याला सगळे अरे-तुरे करत होते त्याला कुणीतरी 'आप' म्हणालं, हे दारू सोडण्याइतकंच मोठं होतं. १९३८ मध्येच महाराज वारले, पण त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातली एक दारू न पिण्याची आहे. एकच, बाकीच्या २१ मध्ये. दारूचा वेगळा कार्यक्रम नव्हता, सगळं जगणंच बदलायचं होतं, त्यात हे आलं. बौद्ध घरांतल्या मैत्रिणींना माहीत आहे, की पंचशीलातलं पाचवं शील हेच आहे आणि ते एकदा म्हणून होत नाही. प्रत्येक वंदनेत म्हणतात. लहान पोरंपण म्हणतात. जन्माची शपथ, पण रोज घ्यायची.

हे वाचल्यावर मला बाबांचं एक बोलणं कळलं. दवाखान्यानंतर त्यांचा दोनदा पाय घसरला. पण आता त्यांना सोडून ११ वर्षं झाली. दर रविवारी ते आणि सोडलेले आणखी दोघे आमच्या ओट्यावर चहाला बसतात. काही विशेष बोलत नाहीत. पाऊस, भाताचा भाव, कुणाचं लग्न. एखादा रविवारी आला नाही, तर दुसरा त्याच्या पाड्यावर जाऊन बघून येतो. कुणी बाबांना विचारलं, "जन्माची सोडली ना काका?", तर ते म्हणतात, "जन्माचं मला विचारू नका, आजचं विचारा. आज नाही घेतली."

त्यांनी हे कुठे वाचलेलं नाही. पण १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुडे भेटले होते, एक शेअर बाजारातला आणि एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. पहिल्याला पिण्याची तलफ आली होती आणि आपल्यासारख्याच कुणाशी तरी बोललं तर आजचा दिवस निघेल, असं त्याला वाटलं. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. आज त्यांच्या बैठका आपल्या महाराष्ट्रातही होतात. त्यांचंही सांगणं तेच, की आजच्या दिवसापुरतं बोला. आमच्या ओट्यावर आणि अमेरिकेत माणसं एकाच जागी पोचली, याचं मला फार नवल वाटलं.

तर मैत्रिणींनो, ही सगळी गोष्ट मी पुढच्या बैठकीत सांगितली. तासभर चर्चा झाली. भांडणपण झालं. एक ताई म्हणाली, तुम्ही सगळा जोरच काढून घेतला, पुरुषांना थोडी भीती पाहिजेच. तिच्या घरात रोज रात्री काय चालतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून कुणी तिला उलट बोललं नाही. मारहाणीला शपथेचा उपाय नाही, त्याला पोलीस आणि कायदा आहे, हे मात्र आम्ही वेगळं लिहून ठेवलं. मग मावशीने विचारलं, "शपथ पुरुषांनाच का गो? ताडी तर मीपण घेते." पुन्हा हसणं झालं, पण बोलणं खरं होतं. १९२२ ला देवीने दारू सोडायला सांगितलं ते सगळ्यांना, बायांनासुद्धा.

शेवटी ठराव बदलला. सगळ्या पुरुषांना रांगेत उभं करायचं नाही. ज्याला किंवा जिला सोडायची आहे, त्यांनीच पुढे यायचं, मग ते पाच असोत. रोज पिणारे असतील त्यांना आधी आशाताईबरोबर दवाखान्यात पाठवायचं. एक वही करायची. महिन्याच्या बैठकीला बचतीची वही उघडतो, त्याच दिवशी संध्याकाळी ही वही उघडायची आणि ज्यांची नावं आहेत त्यांनी चहाला यायचं. ज्याचा महिना चुकला त्याचं नाव खोडायचं नाही, पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा बोलवायचं. लग्नसराईत ज्या घरी लग्न असेल, तिथे आधी जाऊन सांगायचं, की या या माणसांना आग्रह करू नका. पाड्यामागच्या हातभट्टीसाठी तक्रारीचा अर्ज वेगळा द्यायचा. तो मी लिहिला आहे, सह्या चालू आहेत. दुकान उघडंच राहिलं तर काय होतं ते १९२२ ने दाखवलेलं आहे.

मावशीच्या नवऱ्याचं नाव वहीत पहिलं आलं आहे. आठवी वेळ, असं मावशीने स्वतःच शेजारी लिहायला लावलं. बाबा आणि त्यांचे दोघे जोडीदार त्या दिवशी येणार आहेत. भाषण करणार नाहीत, नुसते बसणार आहेत.

कार्यक्रम २ ऑक्टोबरला, ग्रामसभा संपल्यावर, शाळेच्या पटांगणात. मुलांनाही आणा, त्यांच्यासाठी चिक्की ठेवली आहे. फक्त कुणीही कुणाच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, एवढं त्या ठरावात शेवटच्या ओळीत लिहिलं आहे.